'मी कोण?' असं थेट विचारू नका

पत्र:

"मी नंदुरबार जिल्ह्यातल्या एका अनुदानित शाळेत नववीला मराठी शिकवतो. मूळचा सातारकडचा, नोकरी लागली म्हणून इकडे आलो. वर्गात गुजर, माळी, भिल्ल, पावरा, बाजारपेठेतल्या मुसलमान घरांतली अशी सगळी मुलं आहेत. माझ्या 'न्हाई', 'हुतं'वर ती हसतात आणि त्यांचं आपसातलं निम्मं बोलणं मला कळत नाही. जुलैत मी त्यांना 'मी कोण?' या विषयावर दोन पानं मनापासून लिहायला सांगितली. लिहिता लिहिता मुलांना स्वतःचा शोध लागावा, एवढाच हेतू होता. वह्या आल्या त्या जवळपास सारख्या: माझे नाव अमुक, मला क्रिकेट आवडते, मोठे होऊन मला देशाची सेवा करायची आहे. एका मुलानं फक्त नाव लिहिलं आणि तास संपेपर्यंत खिडकीबाहेर बघत बसला. एका मुलीनं मात्र फार सुंदर लिहिलं. वडिलांचं पिणं, रात्रीची भांडणं, आईला बसणारा मार, सगळं. मला इतकं भरून आलं की शाबासकी म्हणून मी ते वर्गात वाचून दाखवलं. तेव्हापासून ती वही उघडत नाही, माझ्याकडे बघत नाही. मुख्याध्यापक म्हणतात, हे उद्योग बंद करा आणि पोर्शन संपवा. एक सहकारी म्हणाले, अशानं वर्गात जात निघेल. मी थांबावं का? थांबायचं नसेल तर नेमकं काय करावं?"

सर,

थांबू नका. पण आधी त्या मुलीचं बघू.

तिच्याशी बोला, मात्र एकटीला वर्गात थांबवून नको. गाव लहान आहे आणि तिच्या घरची गोष्ट तुमच्यामुळे आधीच चाळीस घरांत पोचली आहे. शाळेतल्या एखाद्या बाईंना सोबत घ्या, व्हरांड्यात दोन मिनिटांत बोला: "तुझं लिहिलेलं मी तुला न विचारता वाचलं. ते माझं चुकलं. पुन्हा कुणाचंच असं वाचणार नाही." बस्स. "पण तू किती छान लिहिलं होतंस" हे त्याला जोडू नका. कौतुक जोडलं की माफीचा सौदा होतो, आणि मुलांना सौदा लगेच ओळखू येतो. ती पानं वहीतून सोडवून तिच्या हातात द्या. ठेवील, फाडील, चुलीत घालील, तिची मर्जी. त्यानंतर तिनं लिहावं म्हणून मागे लागू नका.

वर्गाला तिचा उल्लेख न करता एवढंच सांगा की यापुढे कुणाचंही लिखाण त्याच्या परवानगीशिवाय वाचलं जाणार नाही. आणि याच वेळी दुसरी गोष्टही सांगून टाका, कारण ती सांगितली नाही तर पुढे तुमचा शब्द खोटा पडेल. मुलांचं गुपित तुम्ही गुपित ठेवाल, पण कुणी त्यांना इजा करत असेल किंवा नको तसा हात लावत असेल, तर ते तुम्हाला पोटात ठेवता येणार नाही. 2012च्या पॉक्सो कायद्याच्या कलम 19 प्रमाणे मुलाच्या लैंगिक छळाची माहिती मिळालेल्या कुणालाही ती पोलिसांना द्यावीच लागते. न देणं हा गुन्हा आहे, आणि 'शाळेची बदनामी होईल' ही सबब तिथे चालत नाही. या मुलीच्या लिखाणात तसं काही नसेल तर पोलीस ठाण्याकडे धाव घ्यायची गरज नाही, पण मार तिच्यापर्यंत पोचतो का, एवढं त्या बाईंनी तिला हळू विचारून घ्यावं. पोचत असेल तर 1098 हा मुलांच्या हेल्पलाइनचा नंबर तुमच्यासाठीही आहे, फक्त मुलांसाठी नाही. मुलांना लिहितं करायचं म्हणणाऱ्या शिक्षकानं ही तयारी आधी करायची असते. आपल्याकडच्या कार्यशाळांत ती कुणी सांगत नाही. तिथे फुलपाखरांची चित्रं असलेल्या प्रमाणपत्रांचं वाटप असतं.

आता त्या सारख्या वह्यांचं. मुलांकडे सांगण्यासारखं काही नाही असं तुम्हाला वाटलं असेल तर ते मनातून काढून टाका. ती हुशार आहेत. तिसरी-चौथीपासून त्यांनी 'माझी आई' लिहिलेलं आहे, आणि त्या निबंधातली प्रत्येक आई पहाटे पाचला उठते, सडासंमार्जन करते, कधीच रागावत नाही. परीक्षेतल्या निबंधाला एक बरोबर उत्तर असतं आणि ते गाइडमध्ये छापलेलं असतं, हे शाळेनंच त्यांना शिकवलं. तुम्ही 'मी कोण?' विचारलंत तेव्हा त्यांनी त्या प्रश्नाचं बरोबर उत्तर दिलं: मी निरुपद्रवी आहे, मला क्रिकेट आवडतं, मला मार्क द्या.

शिवाय हा प्रश्न त्यांना नवा नाही. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये त्याचं उत्तर पहिलीतच लिहून झालंय: नाव, वडिलांचं नाव, आडनाव, जात, पोटजात, जन्मस्थळ. दाखल्यावर तेच, शिष्यवृत्तीच्या अर्जावर तेच. कित्येक शाळांत शिष्यवृत्तीची यादी आजही भर वर्गात मोठ्यानं वाचतात आणि नाव आलेली मुलं मान खाली घालून पुढे येतात. मग एक दिवस मराठीचे सर येतात आणि म्हणतात, मोकळेपणानं सांगा, तुम्ही कोण? चौदा वर्षांच्या पोरानं काय करावं? नाव लिहून खिडकीबाहेर बघावं, हेच त्यातल्या त्यात शहाणपणाचं. तो मुलगा मला आवडला.

माझं म्हणणं एवढंच आहे की मुलाला स्वतःकडे वळवायचं असेल तर आधी त्याला लपायला जागा द्या. तुम्ही त्यांना उघड्यावर उभं केलंत. जिला लिहिता येत होतं ती उघडी पडली आणि बाकीच्यांनी अंग चोरलं.

लपायची जागा म्हणजे काय, ते आपल्याच साहित्यात भरपूर सापडतं. तुमच्याच मूळच्या सातारा जिल्ह्यातल्या, फलटणकडच्या बेबीताई कांबळे. त्यांचं 'जिणं आमुचं' पुस्तकरूपात 1986 साली आलं, पण ते लिखाण त्यांनी जवळजवळ वीस वर्षं घरच्यांपासून लपवून ठेवलं होतं. छोटं दुकान चालवता चालवता त्या लिहायच्या आणि कागद दडवायच्या. ते कागद मधेच कुणी शाबासकी म्हणून चावडीवर वाचून दाखवले असते तर पुस्तक झालं असतं का, याचा विचार तुम्हीच करा. आणि त्या पुस्तकाच्या नावात 'माझं' नाही, 'आमुचं' आहे, तेही बघा. आपल्या शाळेतला निबंध 'मी'वर अडून बसतो. पुष्कळ मुलांच्या मनात मात्र 'मी'च्या आधी 'आम्ही' येतो: आम्ही चुलत भाऊ, आम्ही पाड्यावरची पोरं, आम्ही तिघी. 1855 साली पुण्यात जोतिराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या साधारण चौदा वर्षांच्या मुलीनं मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदय'मध्ये दोन भागांत छापून आला. बाळंत होणाऱ्या बायकांच्या डोक्यावर छप्परही नसतं, हे ती त्यात सांगते, धर्माचा ग्रंथ वाचायची मुभाच नसेल तर आमचा धर्म कोणता, असं विचारते. तुमच्या नववीच्या वयाची मुलगी! तिचा सगळा जोर 'आम्ही'त आहे. तुमच्या मुलांनाही 'आम्ही'नं सुरुवात करू द्या. आणि एखाद्याला त्या 'आम्ही'तून बाहेर पडायचं असेल, तर त्यालाही अडवू नका. पाड्यावरून आलेल्या मुलाला क्रिकेटवरच लिहायचं असेल तर ते क्रिकेटवरचं लिखाण आहे. त्यात संस्कृती शोधत बसू नका.

सुरुवात कशी करायची? तुम्हाला हसू येईल, पण परीक्षेतल्या आत्मकथनापासून. फाटक्या पुस्तकाचं, पडक्या वाड्याचं, वटवृक्षाचं, नदीचं आत्मकथन आपली मुलं वर्षानुवर्षं लिहितात, फक्त स्वतःचं लिहीत नाहीत. या प्रकाराची मी पुष्कळ थट्टा केली आहे, पण त्यात एक सोय आहे: बोलतो तो वाडा, मूल नाही. तीच सोय वापरा. घरातली एक वस्तू निवडायची आणि तिनं त्या घरातल्या एका मुलाविषयी किंवा मुलीविषयी सांगायचं. वटवृक्ष नको, घरातलीच वस्तू हवी. ऊसतोडीला जाताना बरोबर नेतात ती पत्र्याची पेटी, काच तडकलेला मोबाइल, रेशनकार्ड, भावाची उतरलेली चप्पल, आजीची पितळी, दुकानाचं शटर. माझ्या वर्गात एकदा एका मुलानं शाळा सोडल्याच्या दाखल्याचं आत्मकथन लिहिलं होतं. चार शाळा फिरलेला तो दाखला कंटाळून म्हणत होता की माझ्यावर इतके शिक्के बसले पण याचं आवडतं गाणं कुणीच लिहून घेतलं नाही. तो मुलगा स्वतःविषयी एरवी एक ओळ लिहिता ना.

दुसरी युक्ती सातशे-साडेसातशे वर्षं जुनी आहे. वारकरी संतांच्या अभंगाच्या शेवटी नाममुद्रा येते. 'तुका म्हणे' सगळ्यांना पाठ असतं, म्हणून मी वर्गात तिथून सुरुवात करत नसे. जनाबाई स्वतःला नामयाची दासी म्हणवते. सोयराबाई स्वतःला चोखियाची महारी म्हणते, म्हणजे नवऱ्याचं नाव आणि जात दोन्ही पांडुरंगासमोर ठेवूनच बोलते. एकनाथांनी तर आपल्या नावाला गुरूचं नाव जोडून घेतलं. चार मुद्रा फळ्यावर लिहा आणि विचारा: या माणसांनी आपली काय ओळख निवडली? कुणाची दासी म्हणवून घेताना त्यात लाचारी आहे की आणखी काही? मुलं भांडतील, भांडू द्या. मग सांगा, चार ओळी लिहा, कशावरही, आणि शेवटी स्वतःची मुद्रा घाला. खरं नाव चालणार नाही. पुढच्या आठवड्यात मुद्रा बदलली तरी चालेल. कुणी आजीचं नाव घालील, कुणी धोनीचं, कुणी 'मागच्या बाकावरचा'. दोन-तीन महिन्यांनी त्या मुद्रा एकापाठोपाठ वाचल्या तर मूल स्वतःला काय काय म्हणवून बघतंय ते तुम्हाला दिसेल, त्याला एकही खाजगी प्रश्न न विचारता. तुमच्या त्या मुलीला पुन्हा लिहावंसं वाटलं तर ते बहुधा असल्या मुद्रेआडूनच वाटेल.

आता कविता. नारायण सुर्व्यांची 'मास्तर, तुमचंच नाव लिवा' तुम्हाला माहीत असणारच. देहविक्रय करणारी आई मुलाला शाळेत घालायला आणते, रजिस्टरमध्ये बापाचं नाव विचारलं जातं, आणि ती मास्तरांना म्हणते, तुमचंच लिहा. कवी स्वतः मुंबईत गिरणीजवळ सापडलेलं तान्हं मूल होता. गंगाराम सुर्वे या गिरणी कामगारानं त्याला घरी नेलं, वाढवलं आणि आपलं आडनाव दिलं. पुढे तो पालिकेच्या शाळेत शिपाई होता आणि नंतर शिक्षक झाला, म्हणजे त्या रजिस्टरच्या दोन्ही बाजूंना उभा राहून आला. ही माहिती मुलांना कविता वाचून झाल्यावर द्या. आधी दिलीत तर कविता ऐकण्याऐवजी ती दया दाखवायला लागतात.

ही कविता नुसती मोठ्यानं वाचा. 'कवीला काय म्हणायचे आहे' हा प्रश्न विचारू नका. त्यापेक्षा असं विचारा: मास्तरांनी पुढे काय केलं असेल? लिहिलं असेल का नाव? घरी गेल्यावर बायकोला सांगितलं असेल? आणि तो मुलगा, जो कवितेत एक शब्द बोलत नाही, तो तेव्हा कुठे बघत असेल? वर्गात एखाद्या मुलाला बाप नसेल किंवा सोडून गेलेला असेल, तर कविता वाचताना त्याच्याकडे नजर जाऊ देऊ नका. मला ठाऊक आहे, ते अवघड असतं. पुस्तकाकडे बघून वाचा. मी तेच करत असे.

त्यानंतरचं काम माझ्या सगळ्यात आवडीचं. शाळेचा कोरा प्रवेश अर्ज मागून घ्या, फळ्यावर त्याचे रकाने लिहा आणि मुलांना सांगा, हा अर्ज तुम्ही नव्यानं तयार करा. मुलाला खरोखर ओळखायचं असेल तर कोणते रकाने हवेत? चार-चार जणांच्या गटात करू द्या. भरायचा नाही, नुसता तयार करायचा. 'झोपताना कुणाशेजारी झोपता', 'घरी कोणत्या भाषेत रागावतात', 'कुणाला खोटं सांगता', 'सध्या कुणाशी बोलणं बंद आहे' अशा तऱ्हेचे रकाने निघतात. एखादा गट 'जात' हा रकाना ठेवतो, एखादा काढतो, आणि मग वर्गात वाद होतो की काढला तर शिष्यवृत्ती कशी मिळणार. या वादात एकाही मुलाला स्वतःची जात सांगावी लागत नाही आणि तरी सगळी मुलं त्याच प्रश्नावर बोलत असतात. हे अर्ज भिंतीवर लावले तरी हरकत नाही, कारण त्यात कुणाचं काही उघडं पडलेलं नसतं. तेव्हा जाता जाता हेही सांगा की महाराष्ट्रात 1 मे 2024 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात वडिलांच्या नावाआधी आईचं नाव लिहायचा सरकारी निर्णय झाला आहे. रजिस्टरचे रकाने आकाशातून पडत नाहीत, ते बदलता येतात, एवढं त्यातून कळलं तरी पुष्कळ.

तुमच्या सहकाऱ्यांच्या 'जात निघेल' या भीतीचं उत्तरही यातच आहे. जात वर्गात आहेच, कुणाच्या डब्यात कुणी हात घालत नाही तिथे आहे, बाकावर कोण कुणाशेजारी बसतं त्यात आहे. मात्र त्यांचं म्हणणं मी पूर्णपणे उडवून लावणार नाही. दलित किंवा आदिवासी लेखकाचा पाठ आला की शिक्षकाची मान आपोआप एका विशिष्ट बाकाकडे वळते, आणि मग ती मुलं त्या पाठाची नमुने होऊन बसतात. 'तुमच्याकडे होळी कशी करतात, सांग बरं' हा प्रश्न प्रेमानं विचारला तरी ओझंच असतं. वर्गातली ओळख फक्त गरिबाच्या पोराला असते असं समजू नका. शंभर बिघ्यांच्या घरातल्या मुलालाही लिहायला लावा. त्याच्या शेतात कापूस वेचायला येणाऱ्या बायकांची नावं त्याला माहीत आहेत का, त्या त्याला काय म्हणून हाक मारतात, त्याचा डबा कोण भरतं? त्याचं 'मी' कशाकशावर उभं आहे, ते त्यालाही बघू द्या. अपराधी वाटावं म्हणून नाही, त्याच्यापासूनही ते लपलेलं असतं म्हणून.

आणि तुम्ही त्या भागात आहात तर वाहरू सोनवणे वाचल्याशिवाय राहू नका. शहाद्याच्या श्रमिक संघटनेतले हे भिल्ल कवी, त्यांचा 'गोधड' हा संग्रह 1987चा. त्यांची 'स्टेज' नावाची छोटी कविता आहे. स्टेजवर बसलेली माणसं आमचं दुःख आम्हालाच सांगत राहिली आणि आम्ही खाली बसून ऐकत राहिलो, असा तिचा आशय. ती मुलांना वाचून दाखवा, पण त्याआधी स्वतःसाठी वाचा. तुमच्या वर्गातलं प्लॅटफॉर्म म्हणजे तेच स्टेज आहे. कविता वाचायच्या दिवशी मागच्या बाकावर जाऊन बसा आणि एखाद्या मुलाला वाचू द्या. नंतर बोलायची घाई करू नका.

भाषेचं तुम्ही पत्रात ओझरतं लिहिलंय, पण खरी गोम तिथे आहे. 'मनापासून लिहा' म्हणता आणि प्रमाण मराठीत लिहायला लावता. ज्या मुलाचं मन अहिराणीत, पावरीत किंवा भिलीत चालतं त्यानं काय करावं? त्याला प्रमाण मराठी यायलाच हवी, त्याबद्दल मी कच्ची नाही. दहावीचा पेपर त्यातच आहे आणि पुढची नोकरीही. म्हणून दोन वह्या करा. एक मार्कांची, तिच्यात शुद्धलेखन, रसग्रहण, सगळं कडक. दुसरी बिनमार्कांची, तिच्यात लाल पेन चालवायचं नाही. मुलानं 'मनी माय' लिहिलं तर तिथे 'माझी आई' करायचं नाही, 'याहा' लिहिलं तर खाली रेघ मारायची नाही. तुम्हाला कळलं नाही तर त्यालाच विचारा. सातारकडच्या सरांना पावरीतला शब्द समजावून सांगायला मिळणं ही त्या मुलासाठी केवढी गोष्ट आहे, हे तुम्हाला पहिल्याच आठवड्यात दिसेल. जळगावच्या बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं. त्या काम करता करता गाणी म्हणायच्या आणि मुलगा सोपानदेव व एक मावसभाऊ ती टिपून घ्यायचे. 1951 साली त्या गेल्या आणि पुढच्याच वर्षी गाणी पुस्तकरूपात आली, आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह. टिपणाऱ्यांनी वाटेत ती 'सुधारली' असती तर आज आपण काय वाचलं असतं? त्यांच्यासारखं टिपून घ्यायचं काम मुलांनाही द्या. घरातल्या म्हाताऱ्या माणसाचं एक गाणं, एक शिवी आणि एक गाऱ्हाणं, जसं बोललं तसं. शिवी गाळू नका. तीत घराचा इतिहास असतो.

बिनमार्कांच्या वहीचे नियम थोडे: पान दुमडलेलं असेल तर ते तुम्ही वाचायचं नाही. दुमडलेलं नसेल तर वाचायचं आणि खाली एकच वाक्य लिहायचं, शेरा म्हणून नाही, वाचणारा माणूस म्हणून. 'छान', 'उत्तम', 'प्रगती करा' यांना बंदी. वह्या कुलपात. काही मुलं पूर्ण वही दुमडून देतील, ती मोजा आणि परत करा. आणि तुम्ही दुमडलेलं पान उघडून बघता की नाही हे मुलं पहिल्या महिन्यात हमखास तपासतात, आत केस नाहीतर तांदळाचा दाणा ठेवून. मला हे कसं कळलं ते विचारू नका.

मुलं लिहीत असतात तेव्हा तुम्ही काय करता? बाकांमधून फिरत असाल तर बसा आणि तुम्हीही लिहा. अमळनेर तुमच्यापासून फार लांब नाही. साने गुरुजी तिथल्या प्रताप हायस्कूलमध्ये शिकवत असताना वसतिगृहातल्या मुलांसाठी स्वतःच्या हातानं 'छात्रालय दैनिक' लिहून काढायचे. मुलांना लिहितं करायचं तर आधी आपण रोज लिहावं, हे त्यांनी भाषण न देता केलं. तुमच्याकडे विषय तयार आहे: 'हुतं' म्हटल्यावर पस्तीस-चाळीस पोरं हसतात तेव्हा कसं वाटतं. तेवढंच लिहा आणि हवं तर वाचून दाखवा. तुमचं लिखाण तुमचं आहे, ते वाचायला कुणाची परवानगी लागत नाही.

मुख्याध्यापकांना आठवड्यातला एकच तास मागा. दहावीच्या मराठीत 80 गुणांचा लेखी पेपर आणि 20 गुण अंतर्गत, आणि लेखी पेपरात स्वमताचे प्रश्न असतात, आत्मकथन असतं, ते त्यांना तुमच्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. ज्या मुलानं वर्षभर स्वतःच्या वाक्यात लिहिलंय त्याला स्वमत लिहायला गाइड लागत नाही, असं सांगा. वर्षअखेरीला एक हस्तलिखित काढू, त्याचं प्रकाशन संस्थेच्या अध्यक्षांच्या हस्ते करू, असंही सांगा. हे वाक्य कामी येतं. हस्तलिखितात काय जायचं ते मात्र मुलं ठरवतील, नाममुद्रेसह, आणि ज्याला द्यायचं नाही त्याचं काहीही जाणार नाही.

ज्यानं फक्त नाव लिहिलं त्या मुलाला काही म्हणू नका. वह्या गोळा करायचं आणि कुलपात ठेवायचं काम त्याच्याकडे द्या. चावी त्याच्याच खिशात राहू दे.

आणखी एक गोष्ट, तुमच्या भागाची. हे सगळं दिवाळीनंतर सुरू करू म्हणाल तर उशीर होईल. तुमच्या वर्गातली काही मुलं तेव्हा आईबापांबरोबर गुजरातेत ऊसतोडीला गेलेली असतील, आणि ज्यांनी लिहावं असं तुम्हाला वाटतं त्यांचेच बाक रिकामे दिसतील. सप्टेंबरात सुरू करा. जाणाऱ्या मुलांच्या वह्या कुलपात अडकवून ठेवू नका, बरोबर देऊन टाका, एक पेनही द्या. वही हरवली तर नवी द्या, वीस-पंचवीस रुपयांना मिळते.